उकिरड्याची मागची बाजू

गिलावा लावताना बायका गप्प बसल्या तर भिंतीला तडे जातात, असं तियागा गावात म्हणतात. ते खरं असेल, तर त्या सकाळी पेच्या बैठकघराच्या भिंतीला पुढची कैक वर्षं तडा जायला नको होता. गढीतल्या झाडून साऱ्या सुना गुडघ्यापर्यंत लुंग्या खोचून भिंतीला भिडल्या होत्या, आणि तोंडं हातांपेक्षा जोरात चालली होती. पे, म्हणजे गावच्या गादीचा धनी, आत कातड्यावर बसून सगळं ऐकत होता आणि कानांवर काही पडतच नाही असं दाखवत होता. कारण निम्मे टोमणे त्याच्यावरच होते.

"जाड थर द्या गं, जाड. राजधानीचे पाहुणे यायचेत."

"पाहुणे भिंत बघायला येतायत, पेला नव्हे."

"तेच बरंय. भिंत निदान वर्षातून एकदा न्हाते तरी!"

हशा उसळला. काचानाही हसली. तिच्या हसण्याने पाठीशी बांधलेली यागा हलली, झोपेतच तिला ढेकर आला आणि दुधाची एक गुळणी काचानाच्या मानेवरून खाली ओघळली. काचानाने ती पुसली नाही. दोन्ही हात मातीत बुडालेले होते, आणि खरं सांगायचं तर तो कोमट ओघळ तिला हवासाच वाटला. तीन महिन्यांची ती पोर; सकाळपासून एवढाच काय तो दोघींचा संवाद झाला होता.

गेल्या वर्षी तियागाची गढी जगाने जपायच्या जागांच्या यादीत गेली. तेव्हापासून गावाला स्वतःच्याच घरांची थोडी भीती वाटायला लागली होती. सिमेंट लावायचं नाही, दुकानातला रंग लावायचा नाही, आणि गिलाव्याची माती गढीच्याच हद्दीतली हवी, असे नियम आले. पाटी लावायला पाहुणे पुढच्या बाजाराच्या दिवशी यायचे होते. मातीचं काम काचानाच्या नवऱ्याकडे, आतिवेकडे होतं. आणि यंदाची माती खरोखरच वेगळी होती. तळ्याकाठची नेहमीची माती तांबूस, हट्टी; तुडवून तुडवून पाय भरून यायचे. ही राखी रंगाची, मऊ, शेण आणि नेरेच्या झाडाच्या शेंगा उकळलेलं चिकट पाणी घातलं की लोण्यासारखी पसरायची.

"कुठून आणली गं तुझ्या नवऱ्याने ही?" शेजारचीने विचारलं.

"सांगत नाही. म्हणतो, माझं गुपित आहे."

"नवऱ्याचं गुपित म्हणजे दुसरी बायको, नाहीतर बाजरीची दारू. माती आहे म्हणतेस तर नशीब समज!"

काचाना उत्तर द्यायच्या बेतात होती, तेवढ्यात तिच्या तळहाताला काहीतरी टोचलं.

मातीत खापर निघणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. तिने बोटाने उकरून तो तुकडा काढला, मागे भिरकावायला हातही उचलला, आणि उगाच, सवयीने, अंगठ्याने त्याच्यावरचा चिखल पुसला. काचाना कुंभारांच्या गावची लेक. तिच्या लेखी भांडं म्हणजे ओळखीचा चेहरा. मडकं हातात आलं की त्याच्या गळ्यावरची नक्षी बघितल्याशिवाय तिला राहवतच नसे.

त्या तुकड्यावर पिळलेल्या गवताच्या दोरीचा ठसा होता.

तियागातली मडकी फणीने ओरखडलेली असतात. दोरीचा ठसा तिच्या माहेरचा. आठव्या महिन्यात आईच्या अंगणात बसून तिने स्वतः एक चिमुकलं मडकं घडवलं होतं, झाकणासकट. बसमधून येताना ते मांडीवर ठेवून, पोटावरचा हात त्याच्यावर आणि त्याच्यावरचा हात पोटावर करत ती आली होती. ते मडकं कुणाच्याच चुलीवर नव्हतं. ते जमिनीत होतं. यागाच्या जन्मानंतर तिसऱ्या पहाटे तिने ते पुरलेलं होतं.

'मी चुकतेय,' काचाना मनाशी म्हणाली. पुन्हा पुसलं. ठसा तोच. दोरीचा एक पीळ सुटलेला होता, तोसुद्धा तिथेच.

भोवती बायका हसत होत्या. त्यांची तोंडं हलताना तिला दिसत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. तिने भिंतीकडे पाहिलं. पुरुषभर उंचीची, लांबलचक, अर्धी ओली, अर्धी उघडी. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत राखी माती. ती मागे सरली आणि दाराकडे पळत सुटली.

"अगं, झालं काय?"

"पोरीला पाजायचं असेल. दूध दाटलं की असंच होतं."

गढीच्या दाराबाहेर उकिरडा आहे. दोन पुरुष एकावर एक उभे राहिले तरी त्यांच्याहून उंच. पिढ्यान् पिढ्यांची चुलीची राख, झाडलोट, फुटकी भांडी. परके लोक त्याच्याकडे पाहून नाकाला रुमाल लावतात. आपल्याकडे 'उकिरड्याचेही दिवस पालटतात' म्हणतात. तियागाचा उकिरडा मात्र पहिल्यापासूनच मानाचा. गढीत जन्मलेल्याची वार, आईच्या पोटात त्याला सोबत करून त्याच्यामागून जगात आलेली ती वार, एका लहान मडक्यात घालून त्या उकिरड्यात पुरतात. भांडण हातघाईवर आलं की गढीतला पुरुष छातीवर हात मारून म्हणतो, "माझी वार त्या उकिरड्यात आहे!" की संपलं. त्याला गढीतून कुणी काढू शकत नाही, पेसुद्धा नाही.

पुढून उकिरडा जसा होता तसाच होता. वर दोन बकऱ्या उभ्या होत्या. काचाना वळसा घालून मागे गेली.

मागची बाजू नव्हतीच.

रांजणातून पीठ ओरबाडून घ्यावं तशी ती ओरबाडून नेली होती. फावड्याचे वार सरळ, ताजे. उघड्या पडलेल्या मातीत ठिकठिकाणी खापरं दिसत होती: एक आडवा पडलेला गळा, एक झाकण, एका मडक्याचं नुसतं बूड. कुणाकुणाची, देव जाणे. तिने जिथे गुडघे टेकून हातांनी खड्डा केला होता, तिथे आता सकाळचं ऊन पडलं होतं.

ती पहाट तिला जशीच्या तशी आठवली. अंगातून अजून रक्त जात होतं, पाय थरथरत होते, आणि सासूबाईंनी तिला दंडाला धरून इथवर आणलं होतं. पुरुष आपापल्या घरांत, भिंतीकडे तोंड करून. तशीच रीत. सासूबाई कानाशी कुजबुजल्या होत्या, "मुलाची पुढे, मुलीची मागे. पुरुषांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, पोरी परक्या घरच्या, त्यांचं इथे काय असणार? वाटू दे. आणि तुझ्या पोरीलाही कधी सांगायचं नाही. आपली वार माहेरी आहे हे ज्या पोरीला कळलं, ती सासरी एक पावसाळा टिकायची नाही." तेव्हा काचानाला त्या गुपिताचं केवढं अप्रूप वाटलं होतं! आपल्या लेकीला इथे जागा आहे. कुणाला न कळता का होईना, पण आहे.

"काय गं, इथे काय करतेस?"

सासूबाईच होत्या. गढीतल्या बायका त्यांना थोरली आई म्हणत. सून पळत गेलेली पाहून त्या काठी टेकत मागोमाग आल्या होत्या. काचानाने काही न बोलता खापर पुढे केलं. म्हातारीने ते पाहिलं, उकिरड्याकडे पाहिलं, मग काचानाच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहिलं. आणि शेवटी पाहिलं ते स्वतःच्या हातांकडे. सकाळी पहिला थर त्यांनीच लावला होता, मानाने.

त्या खाली बसल्या. काचानाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. दोन मुलगे पुरताना ज्या बाईने बाकीच्यांना धीर दिला होता, तीच हात अंगापासून लांब धरून बसली होती, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"माझ्या तिघी," त्या म्हणाल्या. "आणि सासूबाईंच्या. आणि त्यांच्या सासूच्या. सगळ्या लिंपल्या मी."

तेवढ्यात गाढवाची गाडी खडखडत आली. गाडीत रिकामी घमेली आणि फावडं. पुढे आतिवे, तोंडाने शीळ घालत.

"अरे वा, पहारा बसला वाटतं माझ्या खाणीवर! कळलं शेवटी गुपित. कशी आहे माती? माती वाहायचा ट्रक काही आला नाही, तळ्याकाठी कांदे लावलेत लोकांनी. मग म्हटलं, गढीच्या हद्दीतली माती हवी ना? घ्या! याच्याहून गढीची माती ती कुठली?"

मग त्याने दोघींची तोंडं पाहिली.

"काय झालं? यागा बरी आहे ना?"

काचानाने खापर त्याच्या हातावर ठेवलं. "हे यागाचं आहे."

"यागाचं काय?"

"मडकं. तिच्या वारेचं. मी घडवलेलं. आता भिंतीतून काढलं."

आतिवे हसला. खरोखर हसला, अगदी निरागसपणे. "काहीतरीच काय! मुलीची वार इथे कशी असेल? इथे आमची असते. तीही पुढच्या अंगाला. मला काय ठाऊक नाही? म्हणून तर मी पुढे फावडं लावलं नाही. एक ढेकूळसुद्धा नाही!"

"मुलींची मागे असते," थोरली आई म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"मी पुरल्या, मेल्या! तुझ्या बहिणीची, कालुवेची, मी पुरली. याच हातांनी."

तो आईकडे पाहत राहिला. मग बायकोकडे. मग त्या ओरबाडलेल्या कड्याकडे, आणि तिथलं ते आडवं पडलेलं झाकण जणू त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. त्याच्या कपाळावर घाम फुटला. कोरडा वारा सुटलेला असताना, त्या थंडीत.

"पण मी विचारलं होतं," त्याचा आवाज चिरकला. "आई, मी न विचारता कशाला हात लावीन का? कोंबडा आणला. पांढरा आणला. पूर्वजांना म्हटलं, तुमच्याच घराला लावतोय, द्या. आणि कोंबडा मरताना उताणा पडला. स्वच्छ उताणा! त्यांनी हो म्हटलं!"

"कुठे कापलास?"

"इथेच. पुढच्या बाजूला."

"पुढच्यांनी हो म्हटलं," म्हातारी म्हणाली. "मागच्यांना कुणी विचारलं?"

हातातलं खापर खाली ठेवायला आतिवेला जागा सापडेना. जमिनीवर ठेवावं तर जमीन ही अशी. शेवटी त्याने ते दोन्ही तळव्यांत धरलं, अंड्यासारखं, आणि तसाच उभा राहिला. काचानाला त्याचा राग यायला हवा होता. तिला तो यागाएवढाच लहान दिसला, आणि मग राग आला तो त्यामुळेच.

दुपारी पेच्या बैठकघरात वडीलधारी जमली. बायका दाराशी. अर्धी भिंत एव्हाना सुकली होती आणि कुणी तिला टेकून बसायला धजत नव्हतं. नेहमी जे म्हातारे तिला पाठ घासत बसायचे, ते आज मधोमध अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

थोरल्या आईने दोनच वाक्यांत सांगितलं. बाहेर गिनी कोंबड्या दाणे टिपत होत्या, तोही आवाज आत येत होता.

"मुलींची?" पे म्हणाला. "इथे? माझ्या मुलींची पण?"

"झाडून सगळ्यांची. तुमच्या बहिणींची. तुमच्या आत्यांची."

पे भारदस्त माणूस. टोमण्यांनी न हलणारा. त्याचा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि बोटभर अंतरावर थबकला. "म्हणजे एवढी वर्षं..." मुलींना सासरी पाठवताना दर वेळी त्यानेच गढीच्या दारात उभं राहून म्हटलं होतं: जा, आता इथे तुझं काही उरलं नाही. तशी रीतच आहे बोलायची.

"भिंत पाडा," एक म्हातारा म्हणाला.

"पाडून ढेकळं टाकणार कुठे?" थोरली आई फिस्कारली. "कुठली कुणाची, निवडणार आहात बसून? मळलेल्या कणकेतून पीठ निघतं का परत?"

"शिवाय पाडायला परवानगी लागते आता," दुसरा पुटपुटला. "राजधानीहून."

घराच्या धन्याला स्वतःची भिंत पाडायला परवानगी! एरवी यावर तासभर थट्टा चालली असती. आज कुणी हसलं नाही.

पेने कातड्याची कड सारखी केली. मग म्हणाला, "मला एक सांग, वहिनी. हे पोरींना ठाऊक आहे?"

"नाही. ज्यांना मुली झाल्या त्या सुनांनाच फक्त."

"मग ठाऊक होऊ नये. झालं ते झालं. गिलावा पुरा करा, वर रंग द्या, पाहुणे येऊन जाऊ देत. एक पांढरी मेंढी देऊ. ज्यांना आपलं काही होतं हेच माहीत नव्हतं, त्यांना ते गेलं असं कशाला सांगायचं?"

माना डोलल्या. काचानाने सासूबाईंकडे पाहिलं. आता म्हातारी उसळेल, काठी आपटेल. म्हातारीने मान खाली घातली आणि म्हणाली, "तेच बरं."

सकाळी ती एकट्या मडक्यासाठी हादरली होती. आता तिच्या डोळ्यांपुढे यागा उभी राहिली: मोठी झालेली, पाठीला मूल बांधलेली, गढीच्या दारात पाहुणीसारखी पाणी मागत असलेली. तिला कुणी सांगणार नव्हतं. आईसुद्धा नाही. उद्या आपणही अशीच मान खाली घालून 'तेच बरं' म्हणणार.

यागा रडायला लागली. काचाना धान्याच्या कणगीमागे सावलीत जाऊन बसली आणि तिला छातीशी घेतलं. पोरीने दोन्ही मुठींनी स्तन धरला, जणू कुणी काढून घेईल, आणि घटाघटा पिऊ लागली. तिच्या टाळूवर मातीचा एक राखी ठिपका वाळला होता. काचाना तो नखाने काढायला गेली आणि तिचा हात थांबला. तो तसाच राहू देऊन तिने मोकळ्या हाताने मोबाइल काढला आणि नणंदेला लावला.

"वन्सं, उद्या या."

"का गं? आई बरी आहे ना?" पलीकडून कालुवेचा दणदणीत आवाज. "का माझ्या भावाने पुन्हा काही दिवे लावले?"

"फोनवर नाही सांगता येत. या."

"कुणी मेलंय?"

"या फक्त," काचाना म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण केलं काय. पेच्या बैठकीत ठरलेलं, सासूने मान्य केलेलं. आणि आपण, दोन वर्षांपूर्वी आलेली सून! यागा मात्र पिता पिताच झोपली.

दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं, म्हणजे सुरू करायचं होतं. बायका येऊन उभ्या राहिल्या. मातीचा ढीग मधे. ज्यांना मुली होत्या त्यांना कारण ठाऊक होतं, ज्यांना नव्हत्या त्यांनाही रात्रीतून कळलं होतं; अशी गोष्ट कुठे राहते झाकून? कुणी हात लावेना. आणि कुणी बोलेना. तियागाच्या इतिहासात गिलाव्याच्या ढिगाभोवती एवढी शांतता कधी झाली नसेल. आतिवे कोपऱ्यात पाण्याची घमेली भरत होता, भरलेली पुन्हा भरत होता.

"लावा गं," थोरली आई म्हणाली. स्वतः मात्र तिने हात लुंगीत गुंडाळून ठेवले होते.

तेवढ्यात मोटारसायकल दाराशी थांबली आणि कालुवे आत आली. पाठीला धाकटं मूल, डोक्यावर शियाच्या बियांच्या लोण्याची टोपली, अंगभर धूळ.

"काय, मयत आहे का इथे? गिलाव्याला बसल्यात की सुतकाला? ए आतिवे, ताईला बघून तोंड का लपवतोस? आणि वहिनी, तू तर पांढरीफटक! माझी भाची कुठंय? आण इकडे."

रीतीप्रमाणे काचाना भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन आली. पाहुणा पाणी प्यायल्याशिवाय बोलणं सुरू करायचं नसतं. पण तिला धीर निघेना. कालुवेने तुंबं हातात घेतलं, आणि ती ओठाला लावणार एवढ्यात काचानाच्या तोंडून सगळं सांडलं. उकिरडा, मागची बाजू, मडकी, भिंत. एका दमात, उलटसुलट.

कालुवे हसली. भावासारखीच हसली. "वहिनी, दूध डोक्यात चढलं का तुझ्या? मुलींची वार कधी..." तिने बायकांकडे पाहिलं. मग भावाकडे. आतिवेने मान वर केली नाही. मग आईकडे.

"आई?"

म्हातारीने लुंगीत गुंडाळलेले हात आणखी आत ओढले.

"आई, ही काय म्हणतेय? माझी? माझी वार इथे होती?"

"होती," आई म्हणाली.

कालुवेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं. "मी आले होते," ती हळू म्हणाली. "थोरल्या पोराच्या वेळी. नवऱ्याने मारून पाठ फोडली होती माझी, सहावा महिना होता. पायी आले होते. तू मला या दारातून परत पाठवलंस. आठवतं काय म्हणालीस? म्हणालीस, 'इथे तुझं काय पुरलंय?'"

आत पे उभा राहिलेला काचानाला दिसला. बुटक्या दारातून त्याचे नुसते पायच दिसत होते.

"तुला ठाऊक होतं. म्हणताना ठाऊक होतं."

"होतं." म्हातारीचा आवाज खरखरला. "माझ्या सासूने मला शिकवलं, मी तुला ऐकवलं. त्या दिवशी तू गेल्यावर मी मागच्या अंगाला जाऊन बसले होते. अंधार पडेपर्यंत. पण तुला हाक मारली नाही. नाही मारली खरी."

कालुवे भिंतीपाशी गेली. सुकलेल्या भागावर तळहात टेकला, काढला, दुसरीकडे टेकला. आपली कुठली, हे शोधत असल्यासारखी ती त्या भिंतीवरून हात फिरवत चालली. पार टोकापर्यंत, जिथे गिलावा संपून उघडी भिंत सुरू होत होती. लेकींनी गढीच्या भिंतीला हात लावायचा नसतो. भिंती सुनांच्या. थोरल्या आईची एक जाऊ सवयीने "अगं, अगं" म्हणाली आणि स्वतःच ओशाळून गप्प झाली.

कालुवे वळली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हातातलं तुंबं तसंच आहे, भरलेलं.

"पाणी पी, बाळ," आई म्हणाली. "लांबून आलीस."

"हे पाहुणीचं पाणी," कालुवे म्हणाली.

ती मातीच्या ढिगापाशी आली. मधे खळगं करून तुंबं त्यात उपडं केलं. पाणी चर्रकन जिरलं. मग लुंगी खोचून ती त्या ढिगात उतरली आणि दोन्ही पायांनी तुडवायला लागली. डोळ्यांतून धार लागली होती, आणि पाय मात्र तालात पडत होते, जन्मभर हेच काम केल्यासारखे.

आतिवे घमेलं घेऊन पुढे आला. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. "ताई..."

"ओत. बघतोस काय? आणि माझ्या बहिणींना फोन लाव. थोरलीला, मधलीला, पेच्या पोरींना, सगळ्यांना. तू लावायचा. तूच सांगायचं, काय केलंस ते. रडतील, शिव्या देतील, ऐकून घ्यायचं."

"पेने सांगितलंय, कुणाला कळवायचं..."

आतिवेचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. दारातून पे वाकून बाहेर आला. बायका बाजूला सरल्या. त्याने कालुवेच्या पायांखालच्या मातीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तो पायरीवर खाली बसला, आणि थोड्या वेळाने आतिवेकडे न पाहता म्हणाला, "माझ्या धाकटीचा नंबर बदललाय. माझ्याकडून घे."

कालुवेने ओंजळभर गिलावा उचलला आणि फाट्कन उघड्या भिंतीवर मारला. मग मान वळवून काचानाकडे पाहिलं. नाक वाहत होतं, गालांवर चिखल, आणि आवाज पुन्हा तोच, दणदणीत.

"माझ्या भाचीला सावलीला ठेव आणि शेण घेऊन ये. सुनेसारखी उभी काय राहिलीस?"